गॅस फर्नेसचं वायरिंग

अमेरिका-कॅनडात थंडीत अख्खं घर गरम ठेवणारी जी पेटी बेसमेंटमध्ये, गराजमध्ये नाहीतर माळ्यावर उभी असते ती गॅस फर्नेस. मराठीत भट्टी म्हणायला हरकत नाही पण भट्टी म्हटलं की वीटभट्टी आठवते, आणि ही दिसते फ्रिजसारखी, पत्र्याची, बाजूने एक गॅसचा पाइप आणि एक विजेची केबल आत शिरलेली. आत गॅस जळतो, त्याने धातूच्या नळ्या तापतात, मोठा पंखा (ब्लोअर) त्यांच्यावरून हवा ढकलतो, ती डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते, आणि जळालेला धूर वेगळ्या पाइपने घराबाहेर. गॅसवर असली तरी विजेशिवाय ही हलत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससमध्ये हिमवादळात वीज गेली तेव्हा नळीत गॅस असलेली घरंसुद्धा गारठली, कारण पंखा, बोर्ड (सगळ्याला हुकूम देणारं सर्किटचं कार्ड), गॅसचा व्हॉल्व सगळं करंटवर.

फर्नेसमध्ये दोन वेगळ्या विजा नांदतात आणि वायरिंगचं निम्मं शहाणपण त्या एकमेकींत मिसळू न देण्यात आहे. एक 120 व्होल्टची, जी ब्लोअर, धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा आणि इग्नायटर (गॅस पेटवणारा) चालवते. दुसरी 24 व्होल्टची, आतला छोटा ट्रान्सफॉर्मर (बहुतेक 40 व्होल्ट-अँपचा) ती बनवतो, तिच्यावर थर्मोस्टॅट (भिंतीवरचा, किती गरम हवं ते सांगणारा), गॅस व्हॉल्व आणि सेफ्टी स्विचेस. 24 व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक तिच्याशी निष्काळजी वागतात, आणि बोर्ड जळतात ते बहुतेक याच निष्काळजीपणाने.

आधी 120 चं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे फर्नेसला स्वतःचं वेगळं सर्किट लागतं, साधारण 15 अँपचा ब्रेकर आणि 14 गेज तांब्याची वायर (आपल्या हिशोबाने 2 चौरस मिमीच्या आसपास), पण खरा आकडा फर्नेसवरच्या नेमप्लेटवर छापलेला असतो तोच धरायचा. ह्युमिडिफायर, पाण्याचा पंप, एअर क्लीनर असली फर्नेसचीच भावंडं त्या सर्किटवर चालतात, पण बेसमेंटमधला फ्रीझर किंवा दिवे त्यावर टाकायचे नाहीत, नाहीतर फ्रीझरने ब्रेकर पाडला की मध्यरात्री घर गार. फर्नेसच्या शेजारीच एक स्विच हवा, म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस पॅनेलपर्यंत न जाता तिथेच वीज तोडू शकतो. केबल पेटीत शिरते तिथे क्लॅम्प लावायचा, पत्र्याच्या धारेवर वायर घासली की वर्षा-दोन वर्षांत सालपट निघतं. शिकागोत साधी प्लॅस्टिकची केबल चालतच नाही, वायर लोखंडी पाइपातूनच न्यावी लागते, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मित्राने कसं केलं ते बघून शिकागोत करू नये.

आता आपल्या लोकांसाठी खास खड्डा. भारतात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा अर्थिंग असं पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत काळा म्हणजे फेज! न्यूट्रल पांढरा, अर्थ हिरवा किंवा उघडी तांब्याची तार, आणि लाल दिसला तर तोही बहुधा फेजच. म्हणजे पुण्यात घरचं वायरिंग स्वतः केलेला हुशार माणूस इथे काळ्याला बिनधास्त हात लावतो आणि 120 व्होल्टचा झटका खातो, 230 पेक्षा अर्धा असला तरी जीव घ्यायला पुरेसा. शिवाय जुन्या घरांत स्विचकडे गेलेली पांढरी वायरसुद्धा फेज असू शकते, तेव्हा रंगावर नाही मल्टिमीटरवर विश्वास ठेवायचा. काळा-पांढरा 120, काळा-अर्थ 120, पांढरा-अर्थ जवळपास शून्य. पांढरा-अर्थमध्ये 120 आले तर कुणीतरी वायरी उलट्या लावल्यात.

उलट्या लावल्या तर बिघडतं काय, पंखा तर तसाही फिरतो, असं वाटेल. पहिलं म्हणजे शेजारचा स्विच आणि फर्नेसच्या दाराचा सेफ्टी स्विच (दार काढलं की वीज तोडणारा) फक्त एकच तार तोडतात, फेजची, आणि उलट लावल्यावर ते न्यूट्रल तोडतात, म्हणजे सगळं बंद दिसतं, आत हात घातला की करंट जिवंत. दुसरं म्हणजे बऱ्याचदा फर्नेस पेटून राहत नाही, आणि हे समजायला आत काय चालतं ते बघावं लागेल.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धुराचा छोटा पंखा सुरू होतो, हवेचा दाब बरोबर असेल तर प्रेशर स्विच टिक करून जोडला जातो, मग इग्नायटर लालभडक होतो, व्हॉल्व उघडतो, बर्नर फस्स करून पेटतात. बोर्डाला आता खात्री हवी की ज्वाळा खरंच आहे, नाहीतर न जळलेला गॅस साचेल. त्यासाठी ज्वाळेत एक बारीक धातूची काडी असते, तिला बोर्ड एसी वीज देतो, आणि गंमत अशी की ज्वाळा वीज वाहते पण एका दिशेने जास्त, कारण काडी छोटी आणि बर्नर मोठा. त्यातून काही मायक्रोअँपचा डीसी करंट बर्नरमधून, म्हणजे पेटीच्या पत्र्यातून आणि अर्थिंगमधून बोर्डाकडे परत येतो. बोर्डाला ज्वाळा दिसते ती अशी. म्हणजे अर्थ तार इथे फक्त शॉकपासून वाचवायला नाही, ती फर्नेसचा डोळा आहे. अर्थ ढिला असेल किंवा फेज-न्यूट्रल उलट असेल तर बर्नर मस्त पेटतात, काही सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात, आणि शेवटी बोर्ड हात वर करून लॉक होतो. लोक मग काडी घासत बसतात (ती काजळून पण हेच होतं, तेही खरं), गॅस कंपनीला फोन करतात, आणि दोष असतो एका हिरव्या स्क्रूत.

जनरेटरवर फर्नेस चालवताना हाच त्रास. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यू जर्सीत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वादळानंतर पोर्टेबल जनरेटर घेतलेल्यांपैकी काहींना कळलं की दिवे लागतात पण फर्नेस पेटून विझते, कारण बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसतो, मग काडीच्या करंटला अर्थमधून परतायला वाटच मिळत नाही. उपाय ट्रान्सफर स्विचचा (घर जनरेटरवर घेताना बाहेरची लाइन तोडणारा), आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर बनवून घराच्या सॉकेटमध्ये वीज घुसवली तर ती उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो. जनरेटर कायम घराबाहेर, खिडकीपासून लांब, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

24 व्होल्टच्या बाजूला स्क्रूंवर अक्षरं असतात: आर म्हणजे वीज, डब्ल्यू हीट, वाय एसीचा कॉम्प्रेसर, जी पंखा, सी म्हणजे परतीची तार. इथे हिरवा म्हणजे पंखा, अर्थिंग नव्हे! आणि रंग पाळलेच असतील याची हमी कुणी देत नाही, म्हणून बोर्डावर कुठली तार कुठल्या स्क्रूखाली आहे ते बघायचं. जुन्या घरात थर्मोस्टॅटला आर आणि डब्ल्यू अशा दोनच तारा असायच्या, नवीन वायफायवाल्या थर्मोस्टॅटला बहुतेक सी लागतो. भिंतीतली प्लेट उघडली की अनेकदा एक निळी तार गुंडाळून मागे ढकललेली सापडते, तीच दोन्ही टोकांना सी ला जोडायची आणि काम झालं. हे करताना ब्रेकर बंद हवा. चालू ठेवून आर चुकून सी ला टेकला तर बारीक ठिणगी उडते आणि बोर्डावरचा गाडीत असतो तसा फ्यूज जातो, जांभळा 3 अँपचा किंवा बदामी 5 चा. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच परत घालायचा.

अ‍ॅक्सेसरीजमध्ये सगळ्यात फसवा ह्युमिडिफायर. बोर्डावर त्याच्यासाठी टर्मिनल असतं, पण काही बोर्डांवर ते 24 व्होल्टचं, काहींवर 120 चं, आणि ह्युमिडिफायरचा व्हॉल्व बहुतेक 24 चा. न वाचता जोडला की धूर. एअर क्लीनरचं टर्मिनल मात्र बहुधा 120 च. ह्युमिडिफायरला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर दिला असेल तर तो फर्नेसच्या 24 शी थेट जोडायचा नाही, मध्ये रिले (एका सर्किटच्या विजेवर दुसरं चालू-बंद करणारा स्विच) हवा, नाहीतर एक ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याला उलटा चालवतो आणि ब्रेकर पाडलेल्या वायरीत 120 व्होल्ट उभे राहतात.

नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसमध्ये धुरातून पाणी गळतं, त्याला बऱ्याचदा पंप लागतो, आणि पंपातून दोन बारीक तारा निघतात, पाणी भरून वाहायला लागलं तर फर्नेस थांबवण्यासाठी. त्या आर च्या लाइनमध्ये सिरीजमध्ये घालायच्या असतात. आमच्या बेसमेंटमध्ये त्या गोल गुंडाळून टेपने चिकटवलेल्या होत्या, कळलं कधी, तर कार्पेट भिजल्यावर.

एसीच्या बाहेरच्या युनिटकडे वाय आणि सी जातात, उन्हाळ्यात गवत कापताना ट्रिमरने ती केबल सोलली की शॉर्ट होऊन बोर्डाचा फ्यूज जातो, थर्मोस्टॅट गप्प, आणि माणूस दोष शोधतो घरात.

दाराचा स्विच, तापमानाचा लिमिट स्विच, ज्वाळा बाहेर आली तर तुटणारा रोलआउट स्विच, यातलं काहीही तार टाकून बायपास करायचं नाही, एका रात्रीपुरतं पण नाही. गॅसच्या पाइपला अर्थिंगचा इलेक्ट्रोड (जमिनीत वीज उतरवणारी सळई) म्हणून वापरायला कोडची बंदी आहे. पण पिवळं प्लॅस्टिक चढवलेला लवचिक स्टीलचा गॅस पाइप असेल तर तो घराच्या अर्थिंगशी 6 गेज तांब्याच्या तारेने बाँड करायचा, म्हणजे जोडायचा असतो, विजेच्या कडकडाटात पाइपला भोक पडू नये म्हणून. ऐकायला उलटसुलट वाटतं पण दोन्ही खरं. गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच दाबायचा नाही, बंद करायलाही नाही, बाहेर पडून फोन करायचा. बऱ्याच ठिकाणी घरमालकाला परमिट काढून स्वतःच्या घराचं वायरिंग करता येतं, गॅसच्या जोडणीला मात्र अनेक ठिकाणी लायसन्सवालाच लागतो.

वायरिंगचा नकाशा आणि एलईडी किती वेळा लुकलुकला तर काय बिघडलं याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. म्हणजे दार काढल्याशिवाय तक्ता दिसत नाही, आणि दार काढलं की सेफ्टी स्विच वीज तोडतो, एलईडी विझतो, काही बोर्ड तर बिघाडाचा कोडच विसरतात. सगळं ठीक असतानाच्या दिवसांत एकदा दार काढून त्या तक्त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा, आणि बिघाड झाला की दार उघडण्याआधी छोट्या काचेतून लुकलुक मोजून घ्यावी.