जड टायर पिकअपचं डिझेल कुठे खातात?

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर पट्ट्यात केळी वाहणाऱ्या पिकअपला टायर टाकायचा म्हणजे विचार करावा लागतो. बागेला बारमाही पाणी, जमीन काळी. घडांनी भरलेली गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवा, शिवाय बांधावर बाभळीचे काटे. म्हणून जुने टायर गुळगुळीत झाले की बरेच जण खोल नक्षीचे, जास्त प्लायचे (आतल्या थरांचे), एखादं माप मोठेच टायर टाकतात. मग तक्रार सुरू होते: पावणेतेराचं अ‍ॅव्हरेज अकरावर आलं, टायर जड पडले.

आता वजनाचाच हिशेब करू. प्रत्येक टायर पाच किलोने जड धरला तर चारांचे वीस किलो, म्हणजे केळीचा एक घड. चाक पुढे जातं आणि फिरतंही, त्यामुळे वेग घेताना त्याच्या कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंची ऊर्जा मागतो. तरी फार तर चाळीस किलो झाले. 100 किलोमीटरमध्ये 100 वेळा थांबून पुन्हा ताशी 60 चा वेग घेतला, तरी या चाळीस किलोंपायी साधारण 50 मिलिलिटर डिझेल जास्त जातं. एका लिटरमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली 30 टक्के चाकांपर्यंत पोचते, असं धरून हा आकडा येतो. एक घड जास्त भरला म्हणून कुणाचं अ‍ॅव्हरेज पडलेलं नाही.

डिझेल खरं जातं ते रबराच्या मुरडण्यात. रबर दाबलं की ऊर्जा घेतं, सोडलं की परत देतं, पण घेतलेली सगळी देत नाही. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग चपटा होतो, उचलला की पुन्हा गोल होतो, आणि हे किलोमीटरमागे साडेचारशे वेळा घडतं. दरवेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. थंडीत भल्या पहाटे रावेरहून माल घेऊन जळगावला पोचलेल्या गाडीच्या टायरला बाजूने हात लावून बघा. हवा बोचरी असते, रबर मात्र गरम लागतं. ही ऊब टाकीतल्या डिझेलची आहे.

नक्षीचे ठोकळे उंच आणि बाजू जाड, म्हणजे मुरडणारं रबर जास्त. मालासकट तीन टनांच्या गाडीचा रस्त्यावरचा रोध वजनाच्या 1 टक्क्यावरून 1.3 टक्क्यांवर गेला, तर 100 किलोमीटरला सुमारे 0.8 लिटर डिझेल जास्त लागतं. नुसत्या वजनाच्या खर्चाच्या दहापटीहून हे अधिक आहे. रबराचा प्रकारही यात मोठा वाटा उचलतो. काजळीऐवजी सिलिका घातलेलं रबर कमी ऊर्जा गिळतं, त्यामुळे तराजूवर सारखे भरणारे दोन टायरही डिझेलच्या बाबतीत सारखे नसतात. दुकानात टायर किती किलोचा हे विचारण्यापेक्षा त्याच्यावर बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल आहे का, हे विचारणं जास्त कामाचं.

आणि मीटर? तो चाकाचे फेरे मोजतो. 215/75 आर 15 मापाच्या टायरच्या जागी 235/75 आर 15 टाकला की व्यास 703 मिलिमीटरवरून 733 होतो. रस्ता 100 किलोमीटर कापला तरी मीटर 96 च दाखवतो. उलट झिजलेल्या जुन्या टायरची नक्षी सात मिलिमीटरने कमी झालेली असेल तर तोच मीटर 102 दाखवत होता. दोन्ही वेळा डिझेल आठच लिटर जळलं असं समजा: कागदावर अ‍ॅव्हरेज पावणेतेरावरून बारावर येतं, एक थेंबही जास्त न जळता! त्या तक्रारीतला बराच भाग इथेच निघून जातो. शिवाय झिजलेल्या टायरमध्ये मुरडायला रबरच कमी उरलेलं असतं, म्हणून अगदी त्याच मापाचा, त्याच नक्षीचा नवा टायर टाकला तरी सुरुवातीला अ‍ॅव्हरेज थोडं घसरतंच.

तेव्हा टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजा आणि अंतर मोबाइलच्या जीपीएसवर धरा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर ते चोपडा असा रोजचाच टप्पा घ्या, माल नेहमीएवढाच ठेवा. चाळीसगावचा कन्नड घाट यात धरू नका. मोठ्या चाकाने गिअर लांब पडतात, चढाला खालचा गिअर आधी टाकावा लागतो आणि हिशेब बिघडतो.

ज्याची गाडी रोज बागेत उतरते, त्याने खोल नक्षीसाठी 0.8 लिटर मोजणं मला रास्त वाटतं. गाडी डांबरीवरच धावत असेल तर मात्र तो पैसा फुकट जातो. कमी हवेपायी जाणारं डिझेल तर दोघांनाही वाचवता येतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्यात जळगावच्या दुपारी हवेचा काटा जास्त दाखवतो, म्हणून हवा सोडली तर पहाटे तोच टायर कमी हवेवर निघतो आणि रबर आणखी मुरडत राहतं.