प्लिंकिंगसाठी परवडणारं .२२ पिस्तूल

प्लिंकिंग हा अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी चालणारा नेमबाजीचा सगळ्यात साधा प्रकार. स्पर्धा नसते, गुण नसतात, घड्याळ लावलेलं नसतं, शेताच्या कडेला मातीच्या बांधासमोर किंवा रेंजवर रिकामे डबे, टांगलेल्या लोखंडी चकत्या नाहीतर कागदाची टार्गेट लावायची आणि नेम धरून एकेक टिपायची. यासाठी जवळपास सगळेजण पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात, नावात रायफल असलं तरी ते पिस्तुलात आणि रिव्हॉल्वरमध्येही तितकंच चालतं. आवाज त्यातल्या त्यात कमी, धक्का जवळपास नाहीच, आणि मुख्य म्हणजे गोळी स्वस्त. म्हणून पहिलं हँडगन .२२ चंच घ्या असं तिथले जुने नेमबाज सांगत आलेत आणि तो सल्ला खरंच चांगला आहे, कारण मोठ्या बोअरचा धक्का बसायला लागला की नवा माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो, हात आवळतो, आणि ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

हे काडतूस फार जुनं आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी घरातल्या घरात नेमबाजीसाठी छोटं काडतूस काढलं, त्यावरून १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या रिव्हॉल्वरसाठी .२२ शॉर्ट आलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल आणलं, तेच आजपर्यंत चालू आहे. गोळीचं वजन साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. याला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळ्या टोपीत नसतो, बुडाच्या कडेला जी घडी असते तिच्यात आतून पसरलेला असतो, आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटली की तो पेटतो. बनवायला सोपं म्हणून स्वस्त, पण कडेला मसाला सगळीकडे सारखा पसरला नाही तर एखादी गोळी उडतच नाही. आणि पितळ पातळ असल्यामुळे रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही.

आता परवडण्याचा हिशोब. दुकानात काचेमागच्या पिस्तुलाला लावलेली किंमत बघून लोक ठरवतात, पण खरा खर्च गोळ्यांचा असतो. बाजार शांत असताना .२२ ची गोळी साधारण ७ ते १० सेंटला पडते, ९ एमएमची त्याच्या तिप्पट तरी. एका दुपारी २०० गोळ्या सहज संपतात, महिन्यातून दोनदा गेलं तर वर्षाला ४,८०० गोळ्या, ८ सेंटने धरलं तरी ३८४ डॉलर. म्हणजे एका वर्षातच गोळ्यांचा खर्च स्वस्तातल्या पिस्तुलाच्या किमतीच्या पुढे जातो. त्यामुळे पन्नास डॉलर वाचवून असं पिस्तूल घेतलं की जे फक्त महागड्याच गोळ्या नीट खातं, तर ती बचत काही महिन्यांत उलटी फिरते. स्वस्त गोळी विनातक्रार खाणारं हत्यार हेच खरं परवडणारं हत्यार, बाकी सगळ्या गोष्टी याच्यानंतर बघायच्या. शिवाय बाजार कायम शांत नसतो. २०१३ मध्ये अमेरिकेत .२२ च्या गोळ्या दुकानांतून गायबच झाल्या होत्या, माणशी एखाद-दुसराच डबा मिळायचा. म्हणून भाव बरा असतो तेव्हा ५०० गोळ्यांचा एक ब्रिक घरात ठेवायची पद्धत पडली.

पिस्तूल गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ का असतं हे समजून घेतलं की निवड सोपी जाते. .२२ चं सेमी-ऑटो पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीवर चालतं, गोळी पुढे जाते आणि पुंगळी मागे ढकलली जाते, त्या ढकलण्याच्या जोरावरच वरचा सरकता भाग, म्हणजे बोल्ट किंवा स्लाइड, मागे जाऊन पुढची गोळी आत घेते. .२२ मध्ये जोर मुळात थोडाच. त्यात गोळी मंद असली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. डब्यावर छापलेला वेग बहुतेकदा रायफलच्या लांब नळीतून मोजलेला असतो, चार-पाच इंचाच्या नळीतून तो बराच कमी पडतो, हे कोणी सांगत नाही. काडतुसाच्या बुडाची कड बाहेर आलेली असल्यामुळे मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली तरीही फीड बिघडतं. गोळीवर मेण किंवा वंगण बाहेरूनच असतं, ते आणि काजळी मिळून चेंबरमध्ये, म्हणजे झाडताना गोळी जिथे बसते त्या जागेत, चिकट थर बसतो, दोन-तीनशे गोळ्यांनंतर अडकायला लागलं तर पिस्तुलाला दोष देण्याआधी चेंबर ब्रशने साफ करून बघावं. नव्या पिस्तुलासाठी आधी सीसीआय मिनी-मॅगसारखी जरा जोरकस गोळी वापरतात, ते रुळलं की मग एकेक करून स्वस्त मोठ्या पॅकच्या गोळ्या चालवून बघतात. एकाच मॉडेलची दोन पिस्तुलं वेगवेगळ्या गोळ्या पसंत करतात, त्यामुळे दुसऱ्याचा अनुभव इथे पूर्ण कामाला येत नाही.

सगळ्यात कमी पैशात काम भागवायचं असेल तर सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर. हेरिटेजचं रफ रायडर बहुतेक वेळा २०० डॉलरच्या आत मिळतं, रुगरने २०१९ मध्ये रँग्लर काढलं तेव्हा त्याची छापील किंमत २४९ डॉलर होती. फ्रेम स्टीलची न ठेवता रफ रायडरला झिंकच्या आणि रँग्लरला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची दिली म्हणून ही किंमत जमते, नळी आणि सिलिंडर मात्र स्टीलचेच. प्रत्येक गोळीला अंगठ्याने हॅमर मागे ओढायचा, सहा झाल्या की बाजूची फट उघडून एकेक पुंगळी दांडीने बाहेर ढकलायची आणि एकेक गोळी भरायची. संथ काम आहे. पण इथे काहीच आपोआप मागेपुढे होत नसल्यामुळे गोळी मंद असो, जोरकस असो, .२२ शॉर्ट असो, सगळं चालतं, आणि जी उडाली नाही ती, अर्धा मिनिट थांबून, सोडून हॅमर पुन्हा ओढला की पुढची समोर येते. मुलांना शिकवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण एका वेळी एकच गोळी आणि प्रत्येक गोळीआधी विचार. एक गोष्ट मात्र नक्की तपासायची, ट्रान्स्फर बार आहे का, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा मार गोळीपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी. रुगरने १९७३ पासून तो दिला, त्याआधीच्या जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये हॅमर थेट गोळीवर टेकलेला राहू शकतो आणि पिस्तूल पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून अशा जुन्यांत पाचच भरून हॅमरखालची जागा रिकामी ठेवतात.

दुसरा आणि माझ्या मते प्लिंकिंगचा खरा राजा म्हणजे पक्क्या नळीचं पिस्तूल. याची गोष्ट रुगरपासून सुरू होते. विल्यम रुगर यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर एका परतलेल्या अमेरिकन सैनिकाकडची जपानी बेबी नांबू पिस्तुलं मिळवून त्यांची नक्कल गॅरेजमध्ये बनवून पाहिली, मग अलेक्झांडर स्टर्म यांच्या पैशांवर १९४९ मध्ये कनेक्टिकटच्या साउथपोर्टमध्ये कंपनी काढली आणि पहिलंच पिस्तूल ३७.५० डॉलरला विकायला आणलं. त्या काळी कोल्टचं वुड्समन हे सुंदर पण महाग पिस्तूल होतं, रुगरने पैसे वाचवले ते मुठीची फ्रेम पत्र्याच्या साच्यात दाबून काढलेल्या दोन अर्ध्या भागांना वेल्डिंगने जोडून आणि वरची बॉडी सरळ नळकांड्यासारखी ठेवून, बोल्ट त्याच्या आत मागेपुढे सरकतो. अचूकतेत कुठे तडजोड केली नाही आणि हे फार मोलाचं आहे. नळी बॉडीत घट्ट बसवलेली, नेम धरायच्या साइट त्याच सलग भागावर, म्हणजे गोळी झाडताना त्यातलं काही हलतच नाही. पुढे १९८२ ला मार्क टू, मग मार्क थ्री, आणि २०१६ ला मार्क फोर आलं. मार्क थ्रीपर्यंत ही पिस्तुलं साफसफाईसाठी उघडून पुन्हा जोडणं इतकं किचकट होतं की लोक उघडायचंच टाळायचे, मार्क फोरमध्ये मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग सुटून येतो. ब्राउनिंगचं बक मार्क १९८५ पासून आहे, त्याचा ट्रिगर कारखान्यातूनच इतका स्वच्छ येतो की काहींना तेच जास्त आवडतं, आणि स्मिथ अँड वेसनचं एसडब्ल्यू२२ व्हिक्टरी याच पंक्तीतलं. जाड नळीचं मॉडेल किलोभर किंवा त्याहून जास्त भरतं, बॅगेत जड वाटतं पण नेम धरताना तेच वजन हात स्थिर ठेवतं. ३०० ते ५०० डॉलरच्या टप्प्यात साधी मॉडेल्स येतात आणि नीट ठेवली तर पुढची पिढीही वापरते.

तिसरा गट पॉलिमरच्या हलक्या पिस्तुलांचा, टॉरस टीएक्स२२, रुगर एसआर२२, वॉल्थर पी२२. ९ एमएमच्या पिस्तुलासारखं दिसणं आणि चालणं हा यांचा मुख्य मुद्दा, ज्याच्याकडे मोठं पिस्तूल आहे त्याला कमी खर्चात सराव करायला ते उपयोगी. २०१९ ला आलेल्या टीएक्स२२ च्या मॅगझिनमध्ये १६ गोळ्या बसतात आणि .२२ च्या मानाने ते पुष्कळ निभावून नेतं. पण नुसतं डबे टिपायचे असतील तर दिसण्यापायी या गटाकडे जाऊ नये, छोटी नळी, जवळजवळच्या साइट आणि हलकं वजन या तिन्हींमुळे नवशिक्याचा नेम लवकर बिघडतो आणि मग मजाच जाते.

हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर आरामात पोहोचतो का, मुठीचा कोन मनगटाला वाकवत नाही ना, मागची साइट वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येते का, एवढं पाहायचं. सरकणारी साइट हवीच, कारण गोळीचा ब्रँड बदलला की गोळी लागायची जागा बदलते. बऱ्याच रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळतं, दोन-तीन वेगवेगळी चालवून बघायला जे पैसे जातात ते वाया जात नाहीत. जास्तीच्या मॅगझिनची किंमतही आधी विचारावी, दोन तरी लागतातच. रिकामं असताना ट्रिगर ओढून सराव करायचा तर मॅन्युअल बघावं, रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पडू शकतो, म्हणून लोक भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते पिवळे प्लास्टिकचे प्लग चेंबरमध्ये घालतात.

कायद्याचं बघायचं तर अमेरिकेत परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग पार्श्वभूमी तपासणी, आणि हँडगन आपण राहतो त्याच राज्यात हातात मिळतं. राज्याराज्यांत फरक प्रचंड. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून वेगळं परमिट काढावं लागतं, कॅलिफोर्नियात सरकारच्या यादीतलीच मॉडेल्स दुकानदार विकू शकतो. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायलाच बंदी आहे, रेंजवर भाड्याने घेणंही त्यातच येतं, राज्याचं वैध शिकार लायसन्स वगैरे ठराविक अपवाद सोडून. मित्र घेऊन चाललाय म्हणून सहज गेलो असं म्हणून चालत नाही, हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात व्हिसाही जातो. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी लागू नाही.

भारतात हा प्रकार असा मोकळ्या जागेत नाहीच. .२२ पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. इथे .२२ पिस्तूल दिसतं ते २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलच्या स्पर्धेत, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. हौस म्हणून नेमबाजी करायची असेल तर .१७७ चं एअर पिस्तूल हा रस्ता, २०१६ च्या नियमांप्रमाणे २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला परवाना लागत नाही, आणि पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी इथे रेंज आहेत.

.२२ ला खेळणं समजू नये. ही गोळी मैलभराहून लांब जाते, माणसाचा जीव घेते. मागे मातीचा बांध नसेल तर झाडायचंच नाही, दगड, पाणी, काच यांच्यावर नेम धरायचा नाही, मऊ शिसं उसळून परत येतं. लोखंडी चकती थोडी खाली झुकवून टांगायची. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा प्रत्येक वेळी. गोळी उडाली नाही तर तोंड बांधाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, उशिरा पेट घेणारी गोळी असू शकते. गोळी आणि मसाला दोन्हींत शिसं असतं, त्यामुळे खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. घरी पिस्तूल कुलपात आणि गोळ्या वेगळ्या.

जुनं घ्यायचं असेल तर .२२ इतकं सुरक्षित दुसरं काही नाही, कारण या गोळीने नळी फारशी झिजतच नाही. चेंबरच्या कडेवर पिनचा खड्डा आहे का, नळीत गंज आहे का, सेफ्टी नीट बसते का हे पाहावं. मार्क फोर असेल तर नंबर बघावा, सेफ्टी अर्ध्यात राहिली तर नंतर गोळी सुटण्याचा धोका सापडल्यामुळे २०१७ च्या जूनमध्ये कंपनीने त्याआधीची पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली होती, त्यांचे नंबर ४०१ किंवा डब्ल्यूबीआरने सुरू होतात. तसा नंबर दिसला तर आधीच्या मालकाने दुरुस्ती करून घेतली का हे विचारून, कंपनीकडून खात्री करून मगच पैसे द्यावेत.