फेस्पाको : वागाडुगूचा सर्व-आफ्रिकी चित्रपट महोत्सव

फेस्पाको हा आफ्रिका खंडातील आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या चित्रकर्त्यांचा द्वैवार्षिक महोत्सव. पश्चिम आफ्रिकेतील बर्किना फासो या देशाची राजधानी वागाडुगू येथे तो विषम वर्षी, फेब्रुवारी संपता संपता भरतो. 'वागाडुगू सर्व-आफ्रिकी चित्रपट व दूरचित्रवाणी महोत्सव' या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला फेस्पाको म्हणतात. आरंभ १९६९. सर्वोच्च पारितोषिक 'येनेंगाचा सुवर्णअश्व'.

चित्रपट महोत्सव म्हटला की बाजारपेठ, तारे आणि पारितोषिके डोळ्यांपुढे येतात. फेस्पाकोतही ते सारे आहे, पण हा महोत्सव जन्माला आला तो वेगळ्या गरजेतून. आफ्रिकेत तयार झालेला चित्रपट आफ्रिकेतल्याच प्रेक्षकाला पाहायला मिळत नव्हता. पडदा कोणाच्या ताब्यात असावा हा या महोत्सवाचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

फ्रेंच वसाहतींमध्ये १९३४ च्या एका हुकुमान्वये (लावाल हुकूम) सरकारी परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नसे. पॅरिसच्या चित्रपट शिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेले पॉलाँ सुमानू व्हिएरा आणि त्यांचे सहकारी यांना आफ्रिकेत कॅमेरा लावता आला नाही, म्हणून त्यांनी १९५५ मध्ये पॅरिसमधल्या आफ्रिकी लोकांवरच लघुपट केला. पुढे वसाहती स्वतंत्र झाल्या, तरी चित्रगृहे आणि वितरण कोमासिको व सेक्मा या दोन फ्रेंच कंपन्यांच्याच हाती राहिले. त्या अमेरिकी, फ्रेंच, इजिप्शियन आणि हिंदी चित्रपट लावत. मुंबईत तयार झालेले सिनेमे पश्चिम आफ्रिकेच्या शहरांत आवडीने पाहिले जात होते. त्याच शहरांतल्या दिग्दर्शकाच्या कामाला मात्र खेळ मिळत नव्हता.

या पिढीतले सर्वांत ठळक नाव सेनेगालच्या उस्मान सेंबेन यांचे. मार्सेयच्या गोदीत हमाली करून ते कादंबरीकार झाले. आपल्या देशातल्या बहुसंख्यांना वाचता येत नाही हे जाणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला चित्रपट शिकायला गेले. चित्रपट ही लोकांची रात्रशाळा आहे, असे ते मानत. एका गाडीवानाच्या एका दिवसावरचा त्यांचा 'बोरोम सारे' हा लघुपट १९६३ चा. शाळा उघडायची तर वर्ग हवा, आणि तो परक्या मालकांच्या कुलपात होता.

१९६६ मध्ये ट्युनिशियात ताहर शेरिया यांनी कार्थेज महोत्सव सुरू केला. अरब आणि आफ्रिकी चित्रपटांना तिथे पहिले हक्काचे व्यासपीठ मिळाले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मात्र अजून काहीच नव्हते.

स्थापना

बर्किना फासोचे तेव्हाचे नाव अपर व्होल्टा. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आणि अतिशय गरीब असा हा देश. वागाडुगूतील फ्रेंच सांस्कृतिक केंद्राच्या आधाराने चालणाऱ्या फिल्म क्लबच्या मंडळींनी फेब्रुवारी १९६९ मध्ये 'आफ्रिकी चित्रपट सप्ताह' भरवला. दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या आलिमाता सालंबेरे पहिल्या आयोजन समितीच्या अध्यक्ष होत्या. आफ्रिकेच्या सर्वांत मोठ्या चित्रपट महोत्सवाची पहिली सूत्रे एका स्त्रीच्या हाती होती, हे नोंदवले पाहिजे. कारण पुढच्या पारितोषिकांच्या यादीत स्त्रिया शोधाव्या लागतात. त्या पहिल्या वर्षी पाच आफ्रिकी देशांचे आणि फ्रान्स व नेदरलँड्सचे मिळून २३ चित्रपट दाखवले गेले. स्पर्धा नव्हती. लोकांनी आपल्यासारख्या चेहऱ्यांना, आपल्या भाषांत बोलताना, मोठ्या पडद्यावर पाहिले, हेच त्या सप्ताहाचे फलित होते.

त्यानंतर सरकारने जे केले ते धाडसाचे होते. ५ जानेवारी १९७० रोजी अपर व्होल्टाने देशातील मोजकी चित्रगृहे राष्ट्रीय मालकीची केली आणि त्यांच्यासाठी सरकारी कंपनी काढली. फ्रेंच वितरकांनी नवे चित्रपट पाठवणे बंद करून त्याला उत्तर दिले. तरीही सरकार हटले नाही. तिकिटावर लावलेल्या कराचा एक वाटा देशी चित्रपटनिर्मितीसाठी ठेवला गेला आणि त्याच पैशातून मामादू जिम कोला यांचा पहिला व्होल्टाई कथापट १९७२ मध्ये पुरा झाला. परदेशी चित्रपटांच्या तिकिटातून देशी चित्रपटाला भांडवल मिळावे ही कल्पना आज साधी वाटते, पण तेव्हा आफ्रिकेतल्या इतर अनेक सरकारांना ती धीर देणारी ठरली.

याच सुमारास आफ्रिकी चित्रकर्त्यांचा महासंघ, फेपासी, उभा राहिला. ७ जानेवारी १९७२ च्या हुकुमाने महोत्सव सरकारी संस्था झाला आणि फेस्पाको हे नाव रूढ झाले. १९७९ पासून तो दर दोन वर्षांनी भरू लागला. मधल्या वर्षी कार्थेज आणि विषम वर्षी वागाडुगू अशी पाळी दीर्घकाळ टिकली.

सुवर्णअश्व

पारितोषिकाचे नाव बर्किना फासोतील मोसी लोकांच्या आख्यायिकेतून घेतले आहे. येनेंगा ही राजकन्या, वडिलांच्या सैन्यात लढणारी. लग्नाला परवानगी मिळेना तेव्हा ती घोड्यावर बसून पळाली. रानात तिला हत्तींचा शिकारी रियाले भेटला. त्यांच्या मुलापासून मोसी राजघराणे सुरू झाले असे मानतात, आणि त्या मुलाला घोड्याचेच नाव मिळाले. पारितोषिकाची प्रतिमा म्हणजे भाला घेतलेली घोडेस्वार येनेंगा. अलीकडच्या महोत्सवांत सुवर्णअश्वासोबत दोन कोटी सीएफए फ्रँक (पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे सामाईक चलन) दिले जातात.

पहिला मान १९७२ मध्ये नायजरच्या उमारू गांदा यांना मिळाला. मालीचे सुलेमान सिसे (१९७९, १९८३) आणि सेनेगाली-फ्रेंच आलँ गोमी (२०१३, २०१७) हे दोघे तो दोनदा जिंकले. १९८९ मध्ये घानाच्या क्वॉ आन्सा यांच्या रूपाने तो प्रथमच इंग्रजीभाषक देशाकडे गेला. फ्रेंच सांस्कृतिक मदतीच्या सावलीत वाढलेल्या महोत्सवाला हे अंतर कापायला दोन दशके लागली, आणि त्यावर इंग्रजीभाषक आफ्रिकेतून झालेली टीका रास्त होती. नायजेरियात १९९० च्या दशकात व्हिडिओवर चित्रपट काढण्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला, पण मुख्य स्पर्धेत सेल्युलॉइडची अट असल्याने त्याला तिथे जागा नव्हती. नायजेरियाचे न्यूटन आदुआका २००७ मध्ये जिंकले ते फिल्मवर काढलेल्या चित्रपटासाठी. डिजिटल चित्रपटांना कथापट स्पर्धेचे दार २०१५ मध्ये उघडले. ते खूप आधी उघडायला हवे होते. ३५ मिलिमीटरच्या एका प्रिंटचा खर्च हीच स्वतंत्र चित्रकर्त्याच्या वाटेतली मोठी भिंत होती.

सेंबेन महोत्सवाच्या पायाभरणीपासून सोबत होते, पण सुवर्णअश्व त्यांच्या नावावर नाही. २०२५ पर्यंत एकाही स्त्री दिग्दर्शकाला तो मिळालेला नाही. २०२३ मध्ये बर्किनाच्या आपोलीन त्राओरे रौप्यअश्वापर्यंत पोहोचल्या. सेनेगालच्या साफी फाये यांनी शेतकऱ्यांच्या आयुष्यावरचा कथापट १९७५ मध्येच काढला होता हे लक्षात घेतले, तर यादीतली ही पोकळी स्त्रियांच्या कामाच्या अभावाने पडलेली नाही.

समुद्रापलीकडचे आप्त

आफ्रिकेबाहेरच्या आफ्रिकी वंशाच्या चित्रकर्त्यांसाठी पॉल रोबसन यांच्या नावाचे पारितोषिक आहे. रोबसन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक, नट आणि नागरी हक्कांचे लढवय्ये. अमेरिकी सरकारने त्यांचे पारपत्र जप्त केले होते. १९५८ मध्ये त्यांचा साठावा वाढदिवस भारतभर साजरा झाला. त्यासाठीच्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडण्यासाठी याहून योग्य नाव सापडले नसते.

हे नाते सोपे मात्र नव्हते. १९९१ च्या महोत्सवात आफ्रिकी स्त्री-चित्रकर्मींची कार्यशाळा भरली. आफ्रिकेत न जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना तिथे बाहेर जायला सांगण्यात आले. घरी आलो या भावनेने दूरवरून आलेल्या बायकांना तो घाव खोल लागला. दुसरीकडे, खंडातल्या स्त्रियांना आपल्या अडचणी आधी आपापसांत बोलायच्या होत्या. ज्यांच्याकडे स्टुडिओ नाही, संकलनाची यंत्रे नाहीत, त्यांचे प्रश्न न्यूयॉर्क वा लंडनमधल्या स्त्रियांच्या प्रश्नांहून वेगळे होते. दोन्ही बाजूंची वेदना खरी होती. त्यातून निघालेली चर्चा पुढची अनेक वर्षे चालू राहिली, आणि सर्व-आफ्रिकी या शब्दाच्या आत कोण येते हे गृहीत धरणे त्यानंतर कोणाला शक्य राहिले नाही.

दोन्ही किनाऱ्यांवर पाय असलेल्या चित्रकर्त्याचे उदाहरण म्हणजे हायले गेरिमा. इथिओपियातल्या गोंदार इथे जन्म, १९६७ मध्ये अमेरिका, मग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिक्षण. तिथे त्यांच्यासोबत चार्ल्स बर्नेट, ज्युली डॅश, बिली वुडबेरी असे कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. हॉलीवूडच्या साच्याला नकार देणारा हा गट पुढे 'एल.ए. रिबेलियन' म्हणून ओळखला गेला. गुलामगिरीवरच्या 'सांकोफा' (१९९३) या गेरिमांच्या चित्रपटात बर्किना फासोही सहनिर्माता होता. अमेरिकेत त्याला वितरक मिळाला नाही. गेरिमांनी वॉशिंग्टनमध्ये स्वतः चित्रगृह भाड्याने घेतले. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या लोकांनी तोंडी प्रसिद्धी केली, चित्रपट आठवडेच्या आठवडे चालला आणि मग शहरामागून शहर असाच फिरला. अपर व्होल्टाने १९७० मध्ये सरकारी बळावर जे केले, तेच गेरिमांनी लोकांच्या बळावर केले. २००९ मध्ये 'तेझा' या चित्रपटासाठी ते सुवर्णअश्वाचे मानकरी ठरले.

क्रांती आणि त्यानंतर

१९८३ मध्ये सत्तेवर आलेल्या थॉमस सांकारांच्या काळात फेस्पाकोला नवे तेज आले. १९८४ मध्ये देशाचे नाव बर्किना फासो झाले. सांकारांना संस्कृती हे वसाहतवादाविरुद्धचे शस्त्र वाटे. उद्घाटन-समारोप मोठ्या मैदानांत, हजारोंच्या गर्दीत होऊ लागले. रस्त्यांवर हस्तकलेचा बाजार भरू लागला. अमेरिका आणि कॅरिबियनमधले चित्रकर्ते या काळात मोठ्या संख्येने येऊ लागले. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सांकारांची हत्या झाली, ब्लेझ कोंपाओरे सत्तेवर आले, आणि काही चित्रकर्त्यांनी १९८९ च्या महोत्सवाकडे पाठ फिरवली. कोंपाओरे यांनी महोत्सव चालू ठेवला. ऑक्टोबर २०१४ च्या उठावात ते पदच्युत झाले. त्या उठावात जाळपोळीला बळी पडलेल्या इमारतींत हॉटेल इंदेपांदांस होते. याच हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी दशकानुदशके फेस्पाकोच्या खऱ्या बैठकी रंगल्या होत्या.

शहराने महोत्सव अंगावर गोंदून घेतला आहे. नगरभवनाजवळ फिल्मच्या रिळांची आठवण देणारे 'चित्रकर्ता चौक' नावाचे स्मारक आहे. महोत्सवाच्या काळात दिवंगत सहकाऱ्यांसाठी चित्रकर्ते त्याभोवती फिरून जमिनीवर पाण्याचे अर्घ्य देतात. फेब्रुवारीत सहारावरून येणाऱ्या हरमतान वाऱ्याने हवा धुळीने भरलेली असते, आणि तिकिटासाठी रांगेत विद्यार्थी, शिंपी, मोटारसायकलवरून आलेली जोडपी, सगळे एकत्र उभे असतात. प्रेक्षक पडद्याशी बोलतात, हसतात, पात्रांना सल्ला देतात. फेस्पाकोची खरी परीक्षक मंडळी तीच.

२०१५ नंतर जिहादी हिंसेने देश पोखरला. त्या वर्षी अब्दररहमान सिसाको यांचा, मालीतल्या जिहादी अंमलावरचा 'तिंबक्तू' हा चित्रपट सुरक्षेच्या कारणाने वगळण्याचा विचार झाला. शेवटी तो दाखवला गेला. २०२१ चा महोत्सव कोविडमुळे ऑक्टोबरात गेला. २०२२ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, तरी २०२३ चा महोत्सव वेळेवर भरला. २०२५ मध्ये सुलेमान सिसे कथापट परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद भूषवणार होते. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, मालीची राजधानी बामाको इथे त्यांचे निधन झाले. त्या वर्षीचा सुवर्णअश्व दानी कुयाते यांना मिळाला. गास्तों काबोरे यांच्यानंतर (१९९७) यजमान देशाला तो मिळायला २८ वर्षे लागली.

शिक्षण, जतन, वितरण

१९७६ ते १९८७ या काळात वागाडुगू विद्यापीठात आफ्रिकी चित्रपट शिक्षणसंस्था चालली. इद्रिसा वेद्राओगो तिथेच शिकले. त्यांच्या 'तिलाई'ला कान महोत्सवाचे ग्राँ प्री (१९९०) आणि सुवर्णअश्व (१९९१) दोन्ही मिळाले. गास्तों काबोरे तिथे शिकवत, आणि पुढे त्यांनी शहरात स्वतःची प्रशिक्षण संस्था काढली. १९८३ पासून महोत्सवाला जोडून चित्रपटांचा बाजारही भरतो.

वितरणाचे कोडे मात्र सुटले नाही. राष्ट्रीयीकरणानंतरही पडद्यावर बहुतेक परदेशी चित्रपटच राहिले, कारण आफ्रिकी चित्रपटांची संख्या वर्षभराचे खेळ भरण्याइतकी नव्हती. नंतर सरकारी कंपनीच मोडीत निघाली, आणि अनेक आफ्रिकी देशांत चित्रगृहे बंद पडून त्यांची गोदामे वा प्रार्थनास्थळे झाली. महोत्सवाच्या आठवड्यात भरभरून चालणारा चित्रपट त्यानंतर कुठे दिसेल, याचे उत्तर बहुतेक दिग्दर्शकांकडे नसते.

वागाडुगूतील आफ्रिकी चित्रपट संग्रहालय १९८९ मध्ये स्थापन झाले. १ सप्टेंबर २००९ च्या पुरात त्याच्या संग्रहाचे नुकसान झाले. २०१७ मध्ये फेपासी, अमेरिकेतील फिल्म फाउंडेशन आणि युनेस्को यांनी ५० आफ्रिकी चित्रपट शोधून त्यांचा जीर्णोद्धार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. मॉरिटानियाचे दिग्दर्शक मेद होंदो यांचा 'सोलेई ओ' त्यातला पहिला. कामाची प्रयोगशाळा इटलीत बोलोन्याला आहे. मूळ निगेटिव्ह पुष्कळदा युरोपातल्याच जुन्या लॅबमध्ये पडून असतात, कारण आफ्रिकेत फिल्म धुण्याची सोय क्वचितच होती. हे चित्रपट आता जगभरच्या महोत्सवांत नव्याने पाहिले जात आहेत.