निळसर बाळाचा विमानप्रवास: मेडिफ फॉर्म कोणी आणि कसा भरायचा?

फॅलोज टेट्रालॉजी, ट्रायकस्पिड अट्रेझिया अशा जन्मजात हृदयदोषांत अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं, आणि मुलाचे ओठ, नखं निळसर दिसतात. अशा मुलाला विमानाने न्यायचं तर नुसतं तिकीट पुरत नाही, विमान कंपनीची वैद्यकीय परवानगीही लागते. तिचा अर्ज म्हणजे मेडिफ.

विमान वर गेलं की केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका उतरतो. ८ हजार फुटांवरची हवा म्हणजे जमिनीवर २१ऐवजी जेमतेम १५ टक्के ऑक्सिजन मिळाल्यासारखं.

ऑपरेशन व्हायचंय, फक्त शंट (फुप्फुसांकडे जास्त रक्त नेणारी छोटी नळी) बसवलाय, नुकताच डिस्चार्ज मिळालाय किंवा प्रवासात ऑक्सिजन लागणार आहे, अशांनी अर्ज करायचाच. दोष पूर्ण दुरुस्त होऊन सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, नॉर्मल असेल तर बहुधा गरज नसते. तरी कंपनीला विचारून घ्या.

फॉर्मचा पहिला भाग आपण भरायचा: फ्लाइट, सोबत कोण, व्हीलचेअर हवी का. दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो बालहृदयरोगतज्ज्ञांचा. निदान, ऑपरेशनची तारीख, हिमोग्लोबिन, औषधं, ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर, सगळं त्यात येतं. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ एकच: ‘या बाळाचं नेहमीचं सॅचुरेशन इतकं असतं.’ ८० टक्के हा आकडा पाहून परक्या डॉक्टरची धावपळ उडेल, पण काही मुलांचं ते रोजचंच असतं. अचानक जास्त निळं पडण्याचे झटके येत असतील तर तेही लिहायला सांगा, लपवू नका.

सोबत डिस्चार्ज समरी, ताजा इको रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन जोडा. बऱ्याच कंपन्या ४८ ते ७२ तास आधी अर्ज मागतात, पण ऑक्सिजन हवा असेल तर त्याहून लवकर कळवलेलं बरं. घरचा सिलिंडर सहसा चालत नाही. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं छोटं यंत्र) कंपनीने मान्य केलेल्या मॉडेलचाच हवा, बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी, आणि जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

मध्ये विमान बदलायचं असेल तर सावध! कंपनीचा ऑक्सिजन विमानापुरताच असतो, विमानतळावरची सोय वेगळी करावी लागते. पुढची कंपनी दुसरी असेल तर तिचा फॉर्मही वेगळा. परतीची तारीख लिहायची मात्र बरेच जण विसरतात.