हिवरे बाजारच्या पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाहुणे आले की त्यांना बंधारे आणि हिरव्या टेकड्या दिसतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधल्या तीस वर्षांत जलसंधारणाची कामं भरपूर झाली. पण बंधारे तर कितीतरी गावांत आहेत, आणि तरीही उन्हाळ्यात टँकर येतोच. हिवरे बाजारचं वेगळेपण आहे ते पावसाळ्यानंतर ग्रामसभेपुढे मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबात.

एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर जमा ३९० कोटी लिटर. आकडा दांडगा, पण फसवा. काही पाणी वाफ होऊन जातं, काही ओढ्याला लागतं, काही मातीतच राहून पिकाच्या मुळांना मिळतं. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात भूजलापर्यंत पोचतं ते ढोबळमानाने दहा टक्के, म्हणजे ३९ कोटी लिटर. विहिरींच्या वाट्याला एवढंच.

आता खर्च. १,२०० माणसांना माणशी रोज ५५ लिटर दिलं तर वर्षाला २.४ कोटी लिटर लागतात. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस एकटाच सुमारे दोन कोटी पितो! वीस हेक्टर ऊस, म्हणजे जेमतेम दोन टक्के जमीन, आणि खातं रिकामं. त्याच दोन कोटींत, सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या धरल्या तर, सोळा हेक्टर रब्बी ज्वारी भिजते. उसावर आणि केळीवर गावात बंदी का, याचं उत्तर या भागाकारात आहे. आधी माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीचं क्षेत्र ठरवायचं.

शेतीसाठी बोअरवेलही बंद. यावर सगळ्यात जास्त कुरकुर होते, पण कारण पक्कं आहे. पाषाणाच्या वरच्या मुरमाड, फुटक्या थरातलं पाणी दर पावसाळ्यात भरतं आणि विहीर तेच उपसते. ती आटायला लागली की डोळ्यांना दिसतं, उपसा कमी करता येतो. बोअर खालच्या भेगांत शिरतो. तिथलं पाणी भरायला फार वेळ लागतो आणि पातळी घसरलेली कुणाला दिसत नाही. शिवाय केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेली आवरणाची नळी, अपुरा असेल तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं आणि शेजारची विहीर कोरडी पडते.

डोंगरावरचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवर खणलेले लांब चर, हा जमेच्या बाजूचा उपाय. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे १८० लिटर मावतात, तेही प्रत्येक मोठ्या सरीला पुन्हा. आखणी नजरेने केली की फसते. चर जरा जरी उतरता गेला तरी सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं, भराव फोडतं आणि तिथून नवी घळ पडते. म्हणून समपातळी रेषा ए-फ्रेमने (मधे ओळंबा टांगलेली इंग्रजी A च्या आकाराची चौकट) किंवा पाण्याच्या नळीने काढायची, माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाकायची आणि भरावावर गवत पेरायचं. गवत नसेल तर तीच माती परत चरात येते. चराईबंदी हवी ती इथे, कारण खुरांनी जमीन घट्ट झाली की पाणी मुरायच्या आधीच वाहून जातं. गवत हवं त्याने विळ्याने कापून न्यावं.