मुंबईच्या उकाड्यात लिक्विड कूलरच लागतो?

लॅमिंग्टन रोडवर पीसीचे पार्ट घ्यायला गेलात की हा सल्ला हमखास मिळतो: मुंबईत उकाडा फार, गेमिंगला लिक्विड कूलरच (प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणारा) घ्या. हे खरं नाही. कूलर कुठलाही असो, उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. खोली ३४ अंशांवर असेल तर लिक्विड कूलरमधलं पाणीही त्याखाली जात नाही. (म्हणून दमट हवेत त्यावर दव साचायची भीतीही नको.)

रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर. खोक्यातच कूलर येतो आणि गेमिंगला तो पुरतो. आवाज जरा जास्त, एवढंच. रायझन ७ ७८००एक्स३डी १२० वॅटचा, सोबत कूलर नाही. त्याला चांगला टॉवर एअर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा, पंख्यावर चालणारा) भरपूर झाला. त्याची मर्यादा ८९ अंश, तेव्हा गेममध्ये ७५-८० दिसले तर घाबरू नका. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.