ठळक अक्षराच्या पोटातली जागा

मजकूर निवडायचा, ‘बोल्ड’चं बटण दाबायचं, अक्षर जाड. इतकं सोपं? फॉन्टची स्वतःची ठळक आवृत्ती नसेल तर बरीच सॉफ्टवेअर मूळ अक्षराच्या कडा फुगवून वेळ मारून नेतात. असा फुगवलेला इंग्रजीतला छोटा ‘ई’ जरा जवळून पाहा. त्याच्या वरच्या डोळ्यात चिमूटभर पांढरं उरलेलं असतं. आकार लहान असेल तर तेही बुजतं.

अडचण जागेची आहे. रेघ जाड केली की ती बाहेर सरकून शेजारच्या अक्षराला धडकते, नाहीतर आत सरकून अक्षराचं पोट भरून टाकते. म्हणून ठळक अक्षर मुळात रुंद काढावं लागतं. उभ्या रेघा भरपूर जाड होतात, आडव्या मात्र बेताने, कारण ‘ई’च्या तेवढ्याच उंचीत तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधलं पांढरं बसवायचं असतं. शिवाय सारख्याच जाडीची आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते! (देवनागरीत वरून शिरोरेषाही असते, ठळक ‘क्ष’ काढणाऱ्याचे हाल त्यालाच ठाऊक.) कमान खांबाला, म्हणजे उभ्या रेघेला, भेटते तिथे काळं साचतं, म्हणून तिथे रेघ मुद्दाम बारीक करतात. शिशाच्या खिळ्यांनी छापताना दाबाने शाई कडेबाहेर पसरायची, तेव्हा तर हे फारच जपावं लागे.

या सगळ्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे क्लॅरेंडन हा टाइप. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यातून, रॉबर्ट बेस्ली यांनी तो बाजारात आणला. त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ धातूचे ठसे, कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. त्याआधी जाड अक्षरं नव्हती असं नाही. जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ होते: खांब हत्तीच्या पायासारखे आणि जोडरेघा केसासारख्या. भिंतीवर ते ओरडायला ठीक, पण लहान आकारात त्या केसासारख्या रेघा टिकत नसत. शब्दकोशात मूळ शब्द उठून दिसायला हवा आणि ओळ तर बिघडता कामा नये, अशा वेळी काय करायचं? क्लॅरेंडनने जाड-बारीक रेघांमधली तफावत कमी केली. रेघांच्या टोकांचे आडवे पाय, म्हणजे सेरिफ, दणकट केले आणि ते खांबाला गोलाईने जोडले. छोट्या ‘ए’ आणि ‘आर’च्या टोकाला टपोरा गोळा आला. साध्या मजकुराच्या शेजारी बसेल असा हा जाड सोबती होता.

बेस्लींनी रचनेची नोंदणी केली होती, पण संरक्षण मिळालं जेमतेम तीन वर्षं. मग नकलांचा पूर आला. पुढे इंग्रजी छपाईच्या बोलीत ‘क्लॅरेंडन’ म्हणजे कोणताही ठळक टाइप, असाच अर्थ रूढ झाला. लाकडी ठशांवर चढून हे अक्षर भल्यामोठ्या पोस्टरांवर गेलं, नंतर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही.

आजही शीर्षक, पाटी, वेष्टन इथे असं अक्षर शोभतं. अख्खा परिच्छेद त्यात लावला तर मात्र पान काळवंडतं आणि उठून काहीच दिसत नाही. पडद्यावर काळ्यावर पांढरं अक्षर ठेवायचं असेल तर एक पायरी हलकी जाडी घ्यावी, कारण तिथे पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं. आणि फॉन्ट निवडताना तो मोठा करून नव्हे, लहान करून पाहावा. सगळ्यात आधी बुजतो तो ‘ई’चा डोळाच.